परत मागितलेलं वाण

एका संक्रांतीला माझ्या आईने हळदीकुंकवाचं वाण म्हणून आमच्या बिल्डिंगमधल्या एकवीस बायकांना चेहऱ्याला लावायच्या ट्यूब वाटल्या. त्याआधी तिने चहाची गाळणी वाटली होती, कंगवे वाटले होते, आणि एकदा खोबरं किसायच्या किसण्या, ज्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन घरांत बोटं सोलली. वाण उपयोगी पाहिजे, नुसतं कपाटात पडून राहायला नको, हा तिचा हट्ट. ट्यूबच्या वाणाने मात्र तिचा बिल्डिंगमधला भाव एकदम वाढला. पुढे दोन-तीन महिने बायका तिला जिन्यात अडवून सांगत होत्या, ‘‘वहिनी, वाण असावं तर असं!’’ या सगळ्याच्या मुळाशी माझा चेहरा होता, म्हणून हे मलाच सांगायला हवं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या दुकानात काऊंटरवर काम करत होते. पंधराव्या वर्षापासून माझा चेहरा पिंपल्सनी भरलेला असायचा. बारीकसारीक नव्हेत, हनुवटीवर आणि गालांवर दुखणारे, पिकणारे, जाताना खड्डा ठेवून जाणारे. आईने काय काय केलं नाही! मुलतानी माती झाली, लिंबू झालं, चंदन उगाळून झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा लावून झाली. दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुवायला लावायची. वडे बंद केले, शेंगदाणे बंद केले. डोक्याला मात्र तेल असं चोपडायची की ते ओघळून कपाळावर यायचं, आणि त्याच कपाळावर नवे फोड आले की मला विचारायची, ‘‘बाहेर काय खाल्लंस?’’ नातेवाईक समजूत घालायचे की लग्न झालं की जातात. मी आरशासमोर उभी राहून नखांनी ते फोडायचे. त्यात एक घाणेरडं समाधान असतं, ज्यांना पिंपल्स आलेत त्यांनाच ते माहीत असेल.

दुकानात एक ट्यूब फार खपायची. लोक तिचं नावही घ्यायचे नाहीत, बोटानेच दाखवायचे. डागांना, पिंपल्सना, गोरं व्हायला, गजकर्णालासुद्धा, सगळ्याला तीच. तिच्या खोक्यावर लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, हे मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आणि चिठ्ठी कुणीच मागत नाही, हे दुसऱ्या आठवड्यात. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते स्वतःच ‘‘झोपताना लावा, मस्त आहे’’ म्हणून ती पुढे सरकवायचे. एक दिवस मीही रॅकवरून एक उचलली आणि झोपताना लावली.

चौथ्या दिवशी माझा चेहरा कोरा झाला. मी खोटं सांगत नाही, कोरा. हनुवटीवरचे गोळे बसले, लाली गेली, वर एक चमक आली. अकरा वर्षं मी लोकांशी बोलताना हनुवटीखाली हात धरून बोलत होते. तो हात मी खाली घेतला. गिऱ्हाइकं विचारायला लागली, ‘‘तू काय लावतेस गं?’’ काका म्हणायचे, ‘‘हिचाच चेहरा बघा की!’’ आणि मला खोक्यांमागून उठवून पुढे उभं करायचे. माझा चेहरा दुकानाची पाटी झालाय, हे मला तेव्हाही कळत होतं. राग यायला हवा होता, पण मला फार आनंद झाला होता.

आईला माझ्याहून जास्त झाला. त्याच आनंदात तिने माझ्याकडून ट्यूबचा खोका मागवला आणि संक्रांतीला हळदीकुंकू केलं. मी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत होते, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंची मुलगी आत आली. अकरावीला होती, कपाळभर बारीक पुळ्या, त्या झाकायला केस पुढे घेतलेले. हातात वाणाची ट्यूब. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘ताई, खरं सांग ना, माझंपण तुझ्यासारखं होईल?’’

‘‘चार दिवसांत,’’ मी म्हटलं.

तेवढेच दोन शब्द. ते मी अजून पाठ म्हणते.

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला आम्ही कोकणात गावी गेलो. माझी ट्यूब डोंबिवलीत बाथरूममधल्या फळीवर राहिली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाल असे तापले की मी ओटीवर जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. दुपारपर्यंत तोंड लाल, सुजलेलं, आणि संध्याकाळी हळदीच्या वेळी जुने होते त्याच्या दुप्पट फोड वर आले. नवरीकडच्या बायका माझ्याकडे बघून आपली मुलं जवळ घेत होत्या. मी एका भावाला मोटारसायकलवरून तालुक्याला पिटाळलं. तो ट्यूब घेऊन आला, मी गोठ्यामागे जाऊन ती लावली, आणि तासाभरात आग थांबली. तिथेच भिंतीला टेकून मी बसले. इतकं बरं वाटत होतं आणि इतकी भीती वाटत होती. ही आता सुटणार नाही, हे मला त्या गोठ्यामागे कळलं.

त्यानंतर मी ट्यूब पर्समध्ये ठेवायला लागले. एक पर्समध्ये, एक दुकानात, एक घरी. रात्री एकदा पुरायची ती सकाळीही लागायला लागली. गालांवर लव वाढली. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल बारीक शिरा दिसायला लागल्या. दुकानासमोरचा रस्ता ओलांडला तरी ऊन चावायचं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते पिंपल्स ट्यूब लावत असतानाही परत आले, आता सगळे एकसारखे, पुरळासारखे.

जुलैत एकदाची शहाड स्टेशनजवळच्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. दुकानात कुणाला कळायला नको म्हणून मुद्दाम कल्याणच्याही पलीकडे. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, ‘‘किती दिवस लावताय?’’

‘‘वर्ष होत आलं.’’

‘‘कोणी दिली?’’

‘‘मीच घेतली. मी मेडिकलमध्येच कामाला आहे.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावलं, एखाद्या नापास मुलीला समजावतात तसं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे. ते आग दाबतं, कातडी पातळ करतं, आणि मग कातडीला त्याची सवय लागते. पिंपल्सची खरी औषधं हळू चालतात, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो, चार दिवसांत कोणी चेहरा साफ करून दाखवला तर तिथून उठून जायचं. आता ट्यूब बंद. साबण घासायचा नाही, सौम्य फेसवॉश दोनदा, बस. फोडायचं नाही. केसांचं तेल कपाळावर येऊ द्यायचं नाही. उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. लिंबू नाही, हळद नाही, काही दिवस कपाळाला कुंकूही नाही, फार झोंबेल. गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आता हा चेहरा चिडेल. खूप चिडेल. तीन-चार महिने, कदाचित जास्त. रोज वाटेल की परत एकदाच लावावी. लावायची नाही.’’ मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘घरात, ओळखीत अजून कोणाला दिली नाहीत ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

घरी आले तेव्हा आई गवार मोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आपल्याला एकवीस घरी जाऊन सांगायला हवं. तिने मान वर केली नाही.

‘‘वाण परत मागतं का कुणी?’’

‘‘आई, ते औषध आहे. चुकीचं औषध.’’

‘‘सवाष्णींना हळदीकुंकू लावून हातात दिलेलं मी परत मागू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि त्यांना काय झालंय? सगळ्या बऱ्या आहेत. तुझी कातडीच पहिल्यापासून तशी.’’ मग गवार बाजूला सारून म्हणाली, ‘‘माझी शपथ आहे तुला. कुणाला बोलायचं नाही.’’

आईची शपथ वगैरे मी मानत नाही असं मी कॉलेजात सगळ्यांना सांगायचे. पण मी गप्प बसले.

माझा चेहरा चिडला. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तरी ते सांगणं कमीच होतं. उशीचा अभ्रा चिकटायचा. बोलताना ओठांच्या कडा चिरायच्या. काकांनी दोन दिवस सुट्टी दिली, मग म्हणाले, ‘‘अगं, मास्क लाव. लोकांना वाटेल दुकानातच काहीतरी पसरलंय.’’ सगळ्यांचे मास्क कधीच उतरले होते, तेव्हा माझा चढला. त्याखाली घाम साचून फोड आणखी वाढले. शेवटी त्यांनी मला मागे माल लावायला बसवलं, दोन रॅकच्या मधल्या बोळात, जिथे पंखा पोचत नव्हता. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. पण हे तोंड घेऊन दुसरीकडे नोकरी मागायला जायचं कुठे? घरी आरसा, दुकानात बोळ, मधल्या रस्त्यात ऊन. पर्समध्ये हात घातला की ती ट्यूब नाही, हे रोज नव्याने आठवायचं.

श्रावणात मी आईची शपथ मोडली. तळमजल्यावरची ती मुलगी क्लासला निघाली होती, तिला मी जिन्याखाली मीटरच्या पेट्यांपाशी थांबवलं. तिचं कपाळ स्वच्छ होतं, केस मागे बांधलेले. मी तिला सांगितलं की बंद कर, आत्ता कर, तुला लावून सहाच महिने झालेत, तू लवकर सुटशील. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे माझ्या गालांकडे.

‘‘ताई, तू बंद केलीस म्हणून तुझं असं झालं ना?’’

‘‘हो, पण...’’

‘‘मग मी कशाला बंद करू?’’

ती पिशवी सावरत क्लासला निघून गेली. अजूनही त्या मुलीच्या जागी उभी राहिले तर मला तिचंच पटतं. चेहरा चांगला होता तेव्हा तो बघून लोकांनी ट्यूब घेतली, आणि वाईट झाला तेव्हा तो बघून पुन्हा ट्यूबच घेतली. बिल्डिंगमध्ये बोलणं सुरू झालं की बघा, हिने मधेच सोडली, आता भोगतेय. वाणाची ट्यूब संपलेल्या बायका दुसरी घ्यायला आल्या, आमच्याच दुकानात. मागच्या बोळात मला त्यांचे आवाज ओळखू यायचे. आमच्या काऊंटरवर त्या ट्यूबला नवं नाव पडलं होतं. ‘‘काका, ती वाणातली द्या.’’

एकदा तळमजल्यावरच्या काकूच आल्या. मी मास्क लावून बाहेर आले आणि काऊंटरवर हात ठेवला. ‘‘काकू, नका नेऊ. तिला खरंच नका देऊ.’’

त्या हसल्या. वाईट बाई नाहीत, अगदी मायेने म्हणाल्या, ‘‘बाळा, तू आधी आपलं बघ. तिला बारावीचं टेन्शन आहे, त्यात तोंड खराब झालं तर रडत बसेल.’’ काकांनी माझ्या हातावरून ट्यूब त्यांच्या पिशवीत टाकली. त्या गेल्यावर मला म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक तोडायचं असेल तर मागेच बस.’’ मी मागे जाऊन बसले. त्या दिवशी मी फार रडले, आणि मीठ लागून गाल भाजले म्हणून आणखी रडले.

दिवाळीपर्यंत माझा चेहरा जरा शांत झाला. खपल्या गेल्या, लाली राहिली, आणि माझे जुने, ओळखीचे पिंपल्स परत आले, हनुवटीवर, आपापल्या जागी. त्यांच्यावर आता डॉक्टरबाईंची गोळी हळूहळू काम करत होती. पण ती मुलगी गच्चीवर यायची बंद झाली. कॉलेजला जाताना ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळायची, आणि ती जिन्यातही सोडायची नाही. स्कूटी नाही, धूळ नाही, जिन्यात कशाला ओढणी? मला माहीत होतं कशाला. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तर तिने भिंतीकडे तोंड केलं. ओढणीच्या वर, डोळ्यांखाली, तशाच लाल शिरा होत्या.

त्याच महिन्यात एका रविवारी मी साडीला लावायची पिन शोधत आईचं कपाट उघडलं. हळदीकुंकवाच्या करंड्यामागे एक ट्यूब सापडली. कात्रीने उभी कापलेली, आतून बोटाने पुसून घेतलेली. आमच्या घरात टूथपेस्ट अशीच कापतात, शेवटचा कण निघेपर्यंत. आईने खोका मागवला होता त्यात एकवीस नव्हे, बावीस ट्यूब होत्या, हे मला तेव्हा आठवलं. मी सोडल्यावर माझ्या उरलेल्या ट्यूब कुठे गेल्या, तेही तेव्हाच कळलं.

आईच्या दोन्ही गालांवर वांग होते, मी जन्मले तेव्हापासूनचे, तपकिरी, फुलपाखराएवढे मोठे. ते कधीच गेले होते आणि मी बघितलंच नव्हतं. वर्षभर मला जगात एकच चेहरा दिसत होता, माझा.

मी आधी ओरडले. काय वाटेल ते बोलले. मला शपथ घालतेस आणि स्वतः लावतेस, त्या पोरीचं वाटोळं झालं तरी चालेल पण तुझे वांग जायला हवेत, असं सगळं. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

‘‘सव्वीस वर्षं होते गं ते,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं एवढं छान झालं म्हणून वाटलं, आपणपण बघू. मग तुझी ती दशा बघितली.’’ तिने पदराने नाक पुसलं. ‘‘रोज बघत होते. मी सोडली आणि माझं तसं झालं तर मी दारात कशी उभी राहू?’’

माझा राग तिथेच बसला. गोठ्यामागची मी आणि ही, दोघी एकाच जागी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी तिला शहाडला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी मला ओळखलं, आईकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मीच म्हटलं, ‘‘त्या दिवशी मी खोटं बोलले.’’

आईचा चेहरा माझ्याहून वाईट झाला. पन्नाशीची कातडी. कपाळापासून गळ्यापर्यंत लाल, वर बारीक फोड, सालं निघणारी. बाबा कंपनीतून आले की दिवा न लावता तिच्याशी गप्पा मारत बसायचे, तिला बरं वाटावं म्हणून. भाजी मी आणायचे. दारावर बेल वाजली की ती आत जायची. महिनाभर ती घराबाहेर पडली नाही. मला वाटायचं, बायका आता म्हणतील, आईनेपण सोडली, बघा.

संक्रांत आली. मी म्हटलं, ‘‘यंदा हळदीकुंकू नको.’’ सणाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, ती काळी साडी नेसून बाहेर आली. केस नीट बांधलेले, तोंड उघडं. हातात रिकामी कापडी पिशवी.

‘‘चल,’’ म्हणाली.

तळमजल्यावर काकूंनी दार उघडलं आणि हातातला कपडा तोंडाला लावला. ‘‘अगं बाई, वहिनी! काय हे?’’ आत भर दुपारी पडदे ओढलेले होते. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, घरातही ओढणी घेऊन. आई खुर्चीच्या कडेवर बसली.

‘‘मी वाण परत मागायला आलेय,’’ ती म्हणाली.

काकूंना कळेना. टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

‘‘माझ्या पोरीचं बघून तुला पटलं नाही. बरोबर आहे, तिला पहिल्यापासून पुळ्या होत्याच,’’ आई म्हणाली. ‘‘पण मला कधी होत्या? वीस वर्षं माझं तोंड बघतेस तू. एक तरी फोड बघितलास कधी?’’

काकू जवळ आल्या, आईच्या हनुवटीला हात लावायला गेल्या आणि मागे घेतला. तेवढ्यात मुलगी आत गेली. परत आली तेव्हा ओढणी गळ्यात होती. तिचे गाल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले आणि खाली बघितलं. तिने ट्यूब माझ्याकडे दिली नाही, आईच्या हातात दिली. नवीनच होती, अर्धी दाबलेली. आईने ती पिशवीत टाकली आणि म्हणाली, ‘‘सोमवारी शहाडला जायचंय आम्हाला. तूपण चल. आपण तिघी जाऊ. रिक्षाने जाऊ, ऊन लागणार नाही.’’

मुलीने मान हलवली. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

आम्ही निघालो तेव्हा काकू गोंधळल्या. संक्रांतीची सवाष्ण दारात आली, तिला तशी कशी पाठवायची? त्या धावत जाऊन करंडा घेऊन आल्या. मी ‘‘नको, झोंबेल’’ म्हणणार होते, आईने माझा हात दाबला आणि मान पुढे केली. सालं निघालेल्या त्या कपाळावर आधी हळद लागली, मग कुंकू. तिने डोळे मिटून घेतले आणि जरासुद्धा हलली नाही.

जिन्यात आल्यावर तिने पदराचं टोक ओठांत धरलं, एक मोठा श्वास घेतला.

‘‘आई, प्रत्येक घरी लावतील गं.’’

‘‘लावू देत,’’ ती म्हणाली. ‘‘अजून वीस घरं आहेत.’’

समोरच्या दाराची बेल तिनेच वाजवली.